जुन्या ट्रकला बाजारातले स्टेअरिंग बसवताना: आधी माप, मग बॉस, शेवटी रिम

आधी डोळ्यांत भरलेले स्टेअरिंग विकत घ्यायचे, मग ते बसवून देणारा मिस्त्री शोधायचा, आणि माप जुळत नाही म्हटल्यावर जुन्या हबचा मधला तुकडा कापून नव्याला वेल्ड करून घ्यायचा. इंदूरला देवास नाक्यापासून ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत हे काम बहुतेक वेळा याच क्रमाने होते. गाडी त्या दिवशी चालतेही. वेल्डिंगपाशी तडा जातो तो नंतर, मानपूरच्या घाटात भरल्या गाडीने वळण घेताना.

खालचा क्रम टाटा ४०७, ७०९, १२१०, लेलँड कॉमेट अशा जुन्या, एअरबॅग नसलेल्या गाड्यांसाठी आहे. स्टेअरिंगवर एअरबॅग असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही; ते काम कंपनीच्या वर्कशॉपचे. लेखात ‘स्टेअरिंग’ म्हणजे हातातले चाक, ‘दांडा’ म्हणजे कॉलममधून वर येणारा, टोकाला दाते असलेला रॉड, आणि ‘बॉस’ म्हणजे ते स्टेअरिंग आणि दांडा यांच्यामध्ये बसणारा जोडतुकडा. ‘हब’ म्हणजे जुन्या स्टेअरिंगचा दांड्यावर बसणारा मधला भाग, आणि ‘रिम’ म्हणजे हातात धरायचे गोल कडे (नवे घेताना स्पोकसकट).

१. काही उघडण्याआधी ढिलाई मोजा

गाडी सपाट जागी, पुढची चाके सरळ. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. रिमवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, त्याच्या समोर डॅशवर एक खूण करा. आता रिम डावीकडे हलवत न्या आणि पुढचे टायर हलायला लागले की थांबा. मग उजवीकडे तसेच. टायर पाहायला दुसरा माणूस खाली हवाच, बसल्या जागेवरून अंदाज चुकतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९८ प्रमाणे ही ढिलाई स्टेअरिंगवर ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. १८ इंची स्टेअरिंगवर ३० अंश म्हणजे रिमवर सुमारे १२ सेंटिमीटर. १५ इंचीवर तेच ३० अंश १० सेंटिमीटरमध्ये बसतात. म्हणून लहान स्टेअरिंग लावल्यावर ‘गाडी टाइट झाली’ असे वाटते. झालेले काहीच नसते, फक्त ढिलाई रिमवर कमी दिसते.

कायद्याची मर्यादा म्हणजे चांगल्या गाडीचे लक्षण नव्हे. १०-१२ अंशांच्या वर गेले असेल तर आधी टाय रॉड (पुढची दोन चाके एकमेकांना जोडणारा) आणि ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा रॉड) यांचे बॉल जॉइंट, किंग पिन (ज्यावर पुढचे चाक वळते ती पिन) आणि स्टेअरिंग बॉक्स (दांड्याच्या खालचा गिअरचा डबा) पाहून घ्या. तो खर्च आधी, रिमचा नंतर.

२. गाडीचा मध्य कागदावर आणा

सर्वांत जास्त चुकणारा टप्पा हाच. जुने स्टेअरिंग निघाल्यावर मध्य शोधणे म्हणजे नुसता अंदाज.

सपाट, मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी हळू चालवा. इंदुरात सकाळी लवकर सुपर कॉरिडॉरचा एखादा मोकळा तुकडा चालतो. सियागंजच्या गल्लीत हे होत नाही. रस्त्याचा उतार डावीकडे असतो आणि गाडी तिकडे ओढते, म्हणून कडेची लेन घेऊ नका. शंभरेक मीटर सरळ गेल्यावर स्टेअरिंग न हलवता थांबा. आता हबवर आणि खालच्या कॉलम कव्हरवर समोरासमोर चिकटपट्टी लावून एक सरळ रेघ ओढा. मोबाइलवर समोरून एक फोटोही घ्या.

मग गाडी आवारात आणा. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, हँडब्रेक, पुढचा अॅक्सल जॅकने उचलून दोन्ही बाजूंना मजबूत स्टँडवर. नुसत्या जॅकवर नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टेअरिंग किती फेरे घेते ते मोजा आणि निम्म्यावर या. चिकटपट्टीची रेघ तिथेच जुळली तर उत्तम.

तपासा: पाव फेऱ्याहून जास्त फरक आला, तर यापूर्वी कोणीतरी स्टेअरिंग चुकीच्या दात्यावर बसवले आहे किंवा ड्रॅग लिंकची लांबी बिघडवली आहे. जुने स्टेअरिंग बॉक्स मध्यावर सर्वांत घट्ट आणि बाजूंना थोडे सैल असे केलेले असतात. मध्य सरकला तर गाडी सरळ चालताना बॉक्स आपल्या सैल जागेत काम करतो. नवीन स्टेअरिंग फिरवून बसवल्याने हा दोष झाकला जातो, दुरुस्त होत नाही. ड्रॅग लिंकची लांबी बदलून बॉक्सचा मध्य आणि चाकांचा मध्य आधी जुळवा, मगच पुढे चला. टाय रॉडला हात लावू नका. त्याने टो (पुढची चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप) बदलतो आणि टायर झिजायला लागतात.

३. जुने स्टेअरिंग काढणे

लागणारे सामान: नटाच्या मापाचा बॉक्स पाना आणि त्याची लांब मूठ, स्टेअरिंग पुलर, टॉर्क पाना, व्हर्नियर, वायर ब्रश, गंज सोडवणारे तेल, टेस्ट लॅम्प, पातळ मार्कर.

पहिले काम बॅटरीची मायनस तार काढणे. दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्ट गाडीत बॉडीला जाणारी मायनस काढायची, मधली जोडतार नाही. मग हॉर्नचे बटण काढा. काही दाबून फिरवून निघतात, काही मागच्या स्क्रूंवर असतात. त्याखालची स्प्रिंग, पितळी पत्रा, फायबर वॉशर कोणत्या क्रमाने आहेत त्याचा फोटो घ्या. हे तुकडे हरवले की हॉर्नचा अर्धा दिवस जातो.

नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. वरून तीन-चार आटे धरून राहू द्या. स्टेअरिंग सुटते तेव्हा झटक्याने सुटते, आणि नट जागेवर नसेल तर ते सरळ चेहऱ्यावर येते. हबवर आट्यांची दोन भोके असतील तर पुलरचे बोल्ट त्यांत हाताने फिरवा आणि निदान बोल्टच्या जाडीइतके आत जाऊ द्या. भोके नसतील तर हबच्या खालून पकडणारा दोन किंवा तीन पंजांचा पुलर लावा. पंजे हबलाच, रिमला किंवा स्पोकला लावले तर ते वाकतात. पुलर ताणून ठेवा, तेल सोडा, दहा मिनिटे थांबा, पुन्हा थोडे ताणा.

सावधान: दांड्याच्या टोकावर हातोडा मारू नका. वरचे आटे दबतात, आणि ठोका खाली बॉक्सच्या बेअरिंगपर्यंत जातो. गॅसची ज्योतही नको. कॉलमच्या आत बुश, ग्रीस आणि हॉर्नची तार असते. न निघणारे स्टेअरिंग चांगला पुलर मागते, जास्त ताकद नाही.

सुटल्यावर नट काढा आणि स्टेअरिंग उचलण्याआधी दांड्याच्या टोकावर आणि हबच्या कडेवर एका रेषेत पंचने छोटी खूण करा. चिकटपट्टी निघते, पंचची खूण राहते.

४. मापे घ्या आणि जुने परत बसवा

बाजारात दांडा नेता येत नाही, पण त्याची छाप नेता येते. दाते वायर ब्रशने आणि घासलेटने साफ करा, कोरडे करा. त्यांच्याभोवती पातळ कागदाची पट्टी गुंडाळून वरून पेन्सिल आडवी घासा. पट्टीवर एकेक दाता उमटतो. आता टेबलावर सावकाश मोजा. दांड्यावर बोटाने मोजताना एखादा दाता हमखास निसटतो.

लिहून घ्यायच्या गोष्टी: दात्यांची संख्या, त्यांचा बाहेरचा व्यास, दात्यांच्या भागाची लांबी, वरच्या आट्यांचे माप, नटाची जाडी. व्यास दोन ठिकाणी मोजा, वर आणि खाली. दोन्हीकडे सारखा आला तर दाते सरळ आहेत. वर कमी आला तर दांडा निमुळता आहे. सरळ दात्यांचा बॉस निमुळत्या दांड्यावर वरवर बसतो, नट कसलाही जातो, पण पकड फक्त एका कडेवर असते. दाते घासत जातात आणि एक दिवस स्टेअरिंग फिरते, चाके फिरत नाहीत.

शिवाय कॉलम कव्हरपासून जुन्या रिमपर्यंतची उंची, इंडिकेटरच्या दांडीची लांबी, आणि हबच्या खाली इंडिकेटर परत आणणारी खाच किंवा उंचवटा आहे का, हेही पाहा. फोटो घ्या. मग जुने स्टेअरिंग खुणा जुळवून परत बसवा, नट नीट कसा, आणि तीच गाडी घेऊन सामान आणायला जा. रिकाम्या दांड्यावर पाइप पाना लावून गाडी हलवणारे पाहायला मिळतात. तसे करू नका.

५. खरेदी: आधी बॉस, मग रिम

दात्यांची छाप आणि मापे घेऊन आधी बॉस शोधा. तो मिळाला नाही तर रिम घेण्यात अर्थ नाही. लोहा मंडीतून त्याच मॉडेलच्या गाडीचा जुना हब मिळाला तरी तो दांड्यावर बसतो एवढ्यावर समाधान मानू नका. दाते कडेने धारदार झाले असतील तर सोडून द्या. लेथवर ‘थोडे मोठे करून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार. दाते कानसीने मोठे करता येत नाहीत, तशी फक्त ढिलाई तयार होते. वेल्डिंगचे सुरुवातीलाच सांगितले: कास्टिंगच्या हबवर वेल्ड धरत नाही, आणि स्टीलच्या हबवर धरला तरी शेजारचा धातू ठिसूळ होतो.

बॉस आणि रिममधली भोके जुळायला हवीत. बाजारातल्या बहुतेक स्पोर्ट स्टेअरिंगना सहा बोल्ट असतात. ती भोके ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर (मोमो, स्पार्को, ओएमपी) किंवा ७४ मिलिमीटरच्या वर्तुळावर (नार्डी, पर्सनल) असतात. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात. ७० च्या बॉसवर ७४ ची रिम बसवायला भोके लांबट केली की बोल्ट बाजूने भार घेतात आणि सैल होतात. प्रसिद्ध नावांच्या नकला भरपूर असतात, म्हणून नाव न पाहता वस्तू पाहा: दोन हातांनी रिम पिळली तर स्पोक लवतो का, भोके गोल आहेत का, स्पोक रिमला जोडतो तिथले वेल्ड अखंड आहे का.

आता व्यास. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या ट्रकमध्ये रिम जितकी लहान, तितका हाताचा जोर जास्त. १८ इंचीच्या जागी १५ इंची लावली तर जोर २० टक्क्यांनी वाढतो, १४ इंची लावली तर सुमारे २९ टक्क्यांनी. रिकाम्या गाडीत हे जाणवत नाही. माल भरून, उभ्या गाडीत, गोदामाच्या दारात वळवताना खांद्याला कळते. पॉवर नसेल तर दीड इंचापेक्षा जास्त कमी करू नये, असे आमचे मत. पॉवर असेल तर १५ इंचीपर्यंत चालते, पण मीटर रिमच्या आड जात नाहीत ना ते सीटवर बसून पाहा.

जास्त खोल रिम आणि उंच बॉस एकत्र घेऊ नका. स्टेअरिंग छातीकडे येते आणि इंडिकेटरची दांडी बोटांना पोचत नाही. रिम झटक्यात काढता येणारे क्विक रिलीज बॉस रेसच्या गाड्यांसाठी आहेत, माल वाहणाऱ्या ट्रकला नको. रेक्झिनपेक्षा चांगला पीयू फोम किंवा चामडे घ्या. मे महिन्यात आवारात उभ्या केबिनमध्ये स्वस्त रेक्झिन चिकट होते.

६. कोरडी जुळणी

पुढचा अॅक्सल पुन्हा स्टँडवर घ्या, बॅटरीची मायनस तार काढा आणि जुने पुन्हा काढा, यावेळी दहा मिनिटांत निघते. बॉसच्या दात्यांमध्ये रंग किंवा पावडर कोटिंग असेल तर ते पूर्ण काढा. आता नुसता बॉस, वॉशर न घालता, हाताने दांड्यावर बसवा आणि हे पाहा:

बॉस कॉलम कव्हरला टेकतो का? किमान २-३ मिलिमीटर मोकळी जागा हवी. टेकत असेल तर बॉस चुकीचा आहे; खाली वॉशर घालून उंच करू नका.

नट पूर्ण जाडीने आट्यांत जातो का, आणि वर एक-दोन आटे दिसतात का? कमी पडत असेल तर बॉस जास्त जाड आहे.

उलटा धोका जास्त फसवा आहे. बॉस पातळ असेल तर नट आट्यांच्या शेवटच्या टोकाला जाऊन अडकतो. पाना सांगतो ‘कसला’, पण बॉसवर दाबच नसतो. ओळखायची खूण: नट कसून झाल्यावर बॉसला हाताने वर-खाली डुलवून पाहा. किंचितही हालला तर उत्तर मिळाले. इथे बॉसच्या वर, नटाखाली योग्य जाडीचा कडक वॉशर लागतो.

इंडिकेटरची खाच जुन्या हबच्या जागी येते का? नसेल तर वळल्यावर इंडिकेटर बंद होत नाही, किंवा बंद करणारी दांडी तुटते.

शेवटी पंचच्या खुणेप्रमाणे बॉसचा मध्य लावा. ३६ दाते असतील तर एक दाता म्हणजे १० अंश. स्पोक पाच-सहा अंश तिरका राहत असेल तर दाता बदलून जमत नाही. ते ड्रॅग लिंकने जुळवायचे, किंवा सोडून द्यायचे. थोडा तिरका स्पोक वाईट दिसतो, एवढेच.

७. हॉर्न

लोक स्टेअरिंग अर्ध्या तासात बसवतात आणि दोन दिवस हॉर्नच्या मागे असतात. बहुतेक जुन्या ट्रकमध्ये हॉर्नचे बटण अर्थिंग जोडते: कॉलममधून एकच तार येते आणि बटण दाबले की ती बॉडीला लागते. खात्री करून घ्या. बॅटरी क्षणभर जोडून ती तार बॉडीला टेकवा; हॉर्न वाजला तर पद्धत हीच.

नव्या बटणाला दोन टर्मिनल असतात. एक त्या तारेला, दुसरे बॉसच्या धातूला स्क्रूने. इथे दोन गोष्टी आड येतात. एक, बॉसवर रंग किंवा कोटिंग असते. स्क्रूखाली धातू उघडा करा. दुसरी, कॉलम आणि बॉक्स यांच्यामध्ये रबरी किंवा कापडी कपलिंग असेल तर दांड्याला अर्थ मिळतच नाही. बॅटरी जोडून टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरे बॉसला लावा. दिवा नीट पेटला नाही तर कपलिंगच्या दोन्ही बाजू जोडणारी लवचिक तार घाला.

आता बटण किती करंट वाहते ते. रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) नसलेल्या गाडीत हॉर्नचा सगळा करंट बटणातून जातो. जुनी जाड पितळी पट्टी तो सोसते, नवे छोटे बटण जळते. चार पिनांचा रिले बसवा, गाडीच्या व्होल्टेजचाच: ३० नंबरला बॅटरीतून फ्यूज घालून प्लस, ८७ हॉर्नला, ८६ ला प्लस, ८५ बटणाकडे. हॉर्नची दुसरी तार मग सरळ बॉडीला.

तपासा: हॉर्न सतत वाजतो का? तार बॉसखाली दाबली गेली आहे किंवा पितळी पत्रा धातूला टेकतो. फक्त सरळ असताना वाजतो आणि वळवल्यावर नाही? स्लिप रिंग (फिरत्या स्टेअरिंगला हॉर्नची तार जोडणारी धातूची कडी) मळकट आहे किंवा ब्रशची स्प्रिंग दमली आहे.

८. कसणे

दात्यांवर लॉकटाइट (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद) लावू नका, पुढच्या वेळी काढणाऱ्याला शिव्या द्याव्या लागतील. हलके तेल पुरे. बॉस खुणेवर बसवा, नवा नट किंवा नवा लॉक वॉशर घाला. वापरलेला नायलॉन नट पुन्हा लावायचा नाही. किल्लीपिन (नट फिरू नये म्हणून आरपार घालायची पिन) असेल तर पिनही नवीनच.

मोठ्या नटाचा टॉर्क (कसण्याचा ठरलेला जोर) तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. दांडा फिरू नये म्हणून स्टेअरिंग एका टोकापर्यंत वळवून तिथे टेकवून कसू नका, तो भार बॉक्सवर जातो. चाके सरळ ठेवून दुसऱ्याने रिम धरावी. किल्लीपिनचे भोक जुळले नाही तर नट मागे घेऊ नका, थोडा पुढे घ्या.

बॉसवर रिमचे बोल्ट एम५ असतील तर ५ ते ६ न्यूटन-मीटर, समोरासमोरच्या जोड्यांत, दोन फेऱ्यांत. अॅल्युमिनियमच्या बॉसमधले आटे जास्त जोराने निघून येतात. इथे मध्यम ताकदीचे, सुटणारे लॉकटाइट चालते. काउंटरसंक भोकांत (बोल्टचे डोके आत बुडावे म्हणून वर रुंद केलेल्या) काउंटरसंकच बोल्ट.

मार्करने नटावर आणि दांड्यावर, तसेच प्रत्येक बोल्टवर एक आडवी रेघ मारा. सैल झाले की रेघ तुटलेली दिसते.

९. चालवण्याआधी आणि नंतर

चाके अजून उचललेली आहेत तोवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा फिरवा. बोटे कुठे अडकतात, वायर ताणली जाते, इंडिकेटर दोन्हीकडे बंद होतो का, हॉर्न प्रत्येक जागी वाजतो का. पॉवर असेल तर टोकाला दाबून धरू नका. पंप गरम होतो. मग रिम धरून आपल्याकडे आणि दूर ओढा. बॉस हलता कामा नये.

पहिली फेरी आवारात, २० च्या आत. दुसरी रिकाम्या रस्त्यावर, ब्रेक मारताना स्टेअरिंग सरळ राहते का पाहत. भरलेली गाडी घेऊन घाटात त्यानंतरच.

१०० किलोमीटरनंतर रेघा पाहा आणि टॉर्क पुन्हा तपासा, मग १,००० किलोमीटरला. बोल्ट थोडे बसतात, त्यात नवल नाही. मोठा नट मात्र हलला असेल तर गाडी तिथेच उभी करा आणि दाते पाहा.

८ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, आणि तिथे स्टेअरिंगही तपासतात. जुने स्टेअरिंग, त्याचा नट, हॉर्नचे तुकडे एका पिशवीत ठेवा, पिशवीवर दात्यांची संख्या आणि आट्यांचे माप लिहा. ते भंगारात मातीमोल भावाने जाते, आणि हवे असते तेव्हा लोहा मंडीत शोधून मिळत नाही.